तालमीतला राष्ट्राध्यक्ष

त्याला सगळे बदली म्हणायचे. खात्यातले साहेब म्हणायचे, गोदामातले हमाल म्हणायचे, पुढे पुढे तर गल्लीतली शेंबडी पोरंही म्हणायला लागली. खरं तर तो सुतार. राजशिष्टाचार खात्याच्या गोदामात मंच, पायऱ्या, भाषणाला उभं राहायचे लाकडी खोके, असलं सगळं ठोकून-ठाकून ठेवणं हे त्याचं काम, आणि पगारही सुताराचाच. पण देशाला नवा राष्ट्राध्यक्ष मिळाला, की शपथविधीच्या तालमीत राष्ट्राध्यक्षाच्या जागी उभं राहायचं ते यानं. बँड कधी वाजवायचा, कॅमेरा कुठे लावायचा, सलामीची तुकडी कुठवर येऊन थांबायची, हे सगळं त्याच्याकडे बघून ठरायचं. खरा माणूस आला की यानं मंचामागच्या जिन्यानं खाली उतरायचं आणि हातात हातोडी घ्यायची.

या देशाच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाच्या वेळी तालीमबिलीम काही झाली नव्हती. मुळात राष्ट्राध्यक्षच पहिला, तर तालीम घेणार कोण आणि कुणाची? लोक त्याला म्हातारा म्हणत, प्रेमानंच म्हणत. म्हातारा मंचावर चढला तो उलट्या बाजूनं. बँडवाल्यांनी मध्येच सुरुवात केली. सलामीची वेळ आली तेव्हा म्हाताऱ्यानं लोकांकडे पाठ करून भिंतीला कडक सलाम ठोकला. शपथ झाली, आणि आता पुढे काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हातारा इकडेतिकडे बघत राहिला. मंचाच्या कडेला खुर्च्या वाहणारा एक हमाल उभा होता. म्हाताऱ्यानं त्यालाच विचारलं, काय रे बाबा, तुझं काही मागणं आहे का? हमाल गांगरला. मागणं काही नाही, आमची साथ आहे, एवढं कसंबसं म्हणाला. लोकांनी टाळ्यांनी मैदान डोक्यावर घेतलं.

झालं. तो विधीच होऊन बसला. तेव्हापासून दर शपथविधीत नवा राष्ट्राध्यक्ष समोरच्या एका गरीब माणसाला विचारतो, 'काही मागणं आहे का?' आणि तो माणूस म्हणतो, 'मागणं नाही, साथ आहे.' या माणसाला खात्यात 'जनतेचा माणूस' म्हणत. तो निवडायचा, त्याला आंघोळ घालायची, नवे कपडे द्यायचे आणि तेवढं एक वाक्य घोकून घ्यायचं, यासाठी एक वेगळा कारकून होता. मागणं आहे असं म्हणणारा माणूस आजवर मंचापर्यंत पोचलेला नाही.

म्हाताऱ्यानंतर डॉक्टर आला. मागच्या खेपेला फजिती झालेली, म्हणून खात्यानं तालीम ठेवली आणि डॉक्टरच्या जागी एका कारकुनाला उभं केलं. कारकून हौशी. त्यानं हात वर करून, छाती फुगवून, सरन्यायाधीशांच्या समोर अख्खी शपथ खणखणीत आवाजात वाचून काढली. दुसऱ्या दिवशी एका वकिलानं पेपरात पत्र दिलं, की शपथ तर या कारकुनानं आधी घेतली आहे, तेव्हा कायद्यानं राष्ट्राध्यक्ष कोण? सगळा देश हसला. डॉक्टर मात्र हसला नाही. कारकुनाची उचलबांगडी झाली ती थेट सरहद्दीवरच्या नाक्यावर, आणि खात्यानं नियम केला, की यापुढे तालमीत मंचावर शपथेचा खरा शब्द उच्चारायचा नाही. शपथेला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ पाढे म्हणायचे.

तालीम पुन्हा घ्यायची ठरली. आता मंचावर असा माणूस हवा होता, जो डॉक्टरच्या उंचीचा असेल आणि ज्याला हौस म्हणून नसेल. साहेबांची नजर खिळे ठोकत बसलेल्या सुतारावर गेली. पाढे येतात का, असं विचारलं. येतात, म्हणाला. तिथून तो बदली झाला तो कायमचा.

डॉक्टरची शपथ आटोपशीर होती. बाराचा आणि तेराचा पाढा म्हटला की संपायची. डॉक्टरही तसाच आटोपला. एका सकाळी रेडिओवर नुसतं बँडचं संगीत वाजत राहिलं, आणि दुपारी कळलं की आता जनरल आहे. जनरलनं शपथेत देव घातला, भूमी घातली, रक्त घातलं. बदली एकोणीसच्या पाढ्यापर्यंत जाऊन पोचला. जनरल ताडमाड उंच, म्हणून बदलीच्या बुटांत लाकडाचे ठोकळे बसवले. ते त्याचे त्यानंच रंधून घेतले होते. जनरलनं तीनदा शपथ घेतली, दर वेळी आधीपेक्षा लांब. मग तो म्हातारपणानं गेला आणि खुर्चीवर त्याचा जावई बसला. हा नेमका बुटका. ठोकळे निघाले, पण उंची जुळेना. साहेब म्हणाले, गुडघे थोडे वाकव. मग अंगरख्याच्या आत गुडघे वाकवून, वरून ताठ दिसत, बदली जावयाच्या चालीनं चालायला शिकला. तेव्हापासून त्याचे गुडघे जे धरले ते धरलेच.

सुरुवातीला बायकोला याची मोठी गंमत वाटायची. शेजारच्या शिंपिणीला ती सांगायची, की आमच्या घरात राष्ट्राध्यक्ष आहेत, पण नळाचा वायसर बदलायला त्यांना सवड नाही. तालमीच्या दिवशी त्याचा सदरा ती जास्त निगुतीनं इस्त्री करायची, आणि तो दारातून बाहेर पडला की मागून म्हणायची, देश नीट सांभाळा, येताना साबण आणा.

त्यांना एकच पोरगा. बसच्या कारखान्यात फिटर होता. हाताला कायम काळं ग्रीस आणि तोंड फाटकं. त्याला बापाचं हे काम बिलकूल पसंत नव्हतं. जावयापुढे गुडघे वाकवणारे या देशात पुष्कळ आहेत बाबा, पण पगार घेऊन वाकवणारे तुम्ही एकटेच, असं तो जेवताना म्हणायचा. आई हसायची. बाप मान खाली घालून जेवायचा, पण त्यालाही हसू यायचं.

जावयाच्या शेवटच्या वर्षात कारखान्यात संप झाला. एक बस जळली. ती कुणी जाळली हे कुणालाच ठाऊक नव्हतं, किंवा सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. पोरगा तेव्हा दुसऱ्याच एका बसखाली उताणा झोपून काम करत होता. त्याला पाय धरून बाहेर ओढलं आणि अंगावरच्या तेलकट कपड्यांसकट नेलं. कागदावर लिहिलं: आग लावली.

हे दोन शब्दच नडले. कारण पुढे थोड्याच महिन्यांत जावई विमानात बसून पळाला, निवडणूक झाली, आणि तुरुंगातले राजकीय कैदी घोषणा देत, हात हलवत बाहेर आले. आईनं पोराची गादी उन्हात टाकली. पण पोरगा आला नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, की आग लावणं हा साधा गुन्हा आहे, त्याचं राजकारणाशी देणंघेणं नाही, तो खटला कोर्टात उभा राहील तेव्हा राहील. तुरुंगाच्या फाटकावरचा शिपाई भला होता. तो हळूच म्हणाला, कोर्टाची वाट बघाल तर पोराला दाढी पांढरी झालेली बघाल. शपथविधीला नवा राष्ट्राध्यक्ष काही जणांना माफी देतो, त्यात नाव घालता आलं तर बघा. पोरगा खोकतोय फार.

निवडून आलेला नवा माणूस शाळामास्तर होता. सगळे त्याला मास्तरच म्हणत. झिजलेल्या चपलांचा, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारा. त्यानं निरोप पाठवला, की मला मंचावर चढायची सवय नाही, तेव्हा तालमीला मी स्वतः येईन. खात्यात हलकल्लोळ झाला. आजवर कुणी खरा राष्ट्राध्यक्ष तालमीला आला नव्हता.

बायकोला हे कळलं तेव्हा ती तांदूळ निवडत बसली होती. हातातलं सूप तिनं बाजूला ठेवलं.

"तुम्ही त्यांच्या शेजारी असणार?"

असणार, तो म्हणाला.

"मग तुम्हीच बोलायचं."

आणि तिनं त्याची तालीम घ्यायला सुरुवात केली. रोज संध्याकाळी तो कामावरून आला की ती खिडकीपाशी मास्तर होऊन उभी राहायची आणि त्यानं दारातून येऊन बोलायचं. वाक्य तिनंच बांधून दिलं होतं: साहेब, माझा मुलगा आत आहे, त्यानं काही केलेलं नाही, त्याला सोडा. पहिल्या दिवशी तो अडखळला. ती म्हणाली, भीक मागितल्यासारखं नको, हक्कानंही नको, पाणी मागतो तसं मागा. चार दिवसांत वाक्य त्याच्या तोंडात बसलं. झोपेतून उठवलं असतं तरी म्हणाला असता.

तालमीच्या दिवशी मास्तर पायीच आले. साहेबांनी सगळं समजावून सांगितलं, आणि मग अडचण अशी आली, की राष्ट्राध्यक्षाच्या जागी आता खरा राष्ट्राध्यक्षच उभा आहे, तर बदलीचं काय करायचं? तालमीत जनतेच्या माणसाच्या जागी नेहमी एक फुलझाडाची कुंडी ठेवत. साहेबांनी ती उचलायला लावली आणि बदलीला म्हणाले, तू आज इथे. इतकी वर्षं जो कुंडीला विचारत आला, तो आता कुंडीच्या जागी उभा राहिला. देवानं ताटच वाढून पुढे ठेवलं होतं. मास्तर चालत त्याच्याकडेच येणार होते आणि तोच प्रश्न विचारणार होते.

बँड वाजला. मास्तर चढले, बरोबर बाजूनं चढले. शपथेच्या जागी त्यांनी नियमाप्रमाणे पाढे म्हटले. मास्तरच ते, त्यांनी ते चालीवर म्हटले, आणि सलामीच्या तुकडीतले जवानही गालात हसले. मग ते वळले आणि बदलीसमोर येऊन उभे राहिले. थांबले. त्यांनी त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"तुमचं काही मागणं आहे का?"

त्यानं तोंड उघडलं. पायाखाली मंच होता, त्यानंच ठोकलेला. समोर कॅमेरे होते, कडेला साहेब घड्याळ धरून उभे होते. आणि मंचावर उभं असताना, समोरून कुणी काही बोललं की आपण काय बोलायचं, हे त्याच्या जिभेला अर्ध्या आयुष्यापासून पाठ होतं. त्याला विचारायची जिभेला गरजच पडली नाही.

"सतरा एके सतरा," तो म्हणाला. "सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक एक्कावन्न."

साहेबांनी समाधानानं मान हलवली. बँडवाल्यांत हशा पिकला. मास्तरही हसले, त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि पुढे निघून गेले. तो पाढ्याच्या चौथ्या घरापर्यंत जाऊन थांबला, तेव्हा मास्तर जिना उतरत होते. हा मागे धावला. पण राष्ट्राध्यक्ष उतरत असताना मंचावर दुसऱ्या कुणी हलायचं नाही हेही ठरलेलं होतं. एका शिपायानं हात आडवा घातला. साहेब म्हणाले, काय असेल ते अर्ज करून दे, मी पोचवतो. त्यानं त्याच दुपारी अर्ज दिला. साहेबांनी तो ड्रॉवरमध्ये टाकला. शपथविधी झाला, एक न्हाऊन आणलेला कोळसेवाला मागणं नाही, साथ आहे असं म्हणाला, माफी मिळालेले लोक सुटले. त्यांत पोरगा नव्हता.

तालमीच्या त्या संध्याकाळी बायको दारातच उभी होती. काय झालं, तिनं विचारलं. खोटं बोलायचं त्याला सुचलंच नाही. पाढा म्हटला, तो म्हणाला. तिला आधी वाटलं, चेष्टा करतायत, काम फत्ते झालं म्हणून चेष्टा करतायत. ती हसायलासुद्धा लागली. मग तिनं त्याचं तोंड नीट पाहिलं.

त्यानंतर तो काहीही बोलला की ती एकच उत्तर द्यायची. माझा सदरा कुठे आहे? सतरा एके सतरा. दार उघड. सतरा दुणे चौतीस. ती ओरडत नसे, भांडत नसे, ताट वाढायची, पाणी ठेवायची, आणि पाढा म्हणायची. शिंपिणीला वाटलं, हिला वेड लागलं. बदलीला मात्र ठाऊक होतं, की घरात शहाणं माणूस असेल तर हीच एक आहे.

दुसऱ्या हिवाळ्यात तुरुंगातून निरोप आला. न्यायला मागच्या फाटकानं या, असं सांगितलं होतं. पोरगा चादरीत गुंडाळलेला होता आणि त्याचं वजन इतकं कमी झालं होतं, की बापानं त्याला एकट्यानं उचललं. नखांतलं ग्रीस तेवढं अजून होतं. ते बघून आईनं त्याचा हात चादरीत परत घातला आणि चादर वरून नीट खोचली, झोपलेल्या पोराची खोचतात तशी. त्या दिवसापासून पाढेही थांबले. ती त्याच्याशी बोलेनाशीच झाली. चहा झालाय, हे ती भिंतीला सांगायची आणि तो भिंतीकडून ऐकायचा.

मास्तर फार काळ टिकले नाहीत. त्यांच्याच माणसांनी त्यांच्या बुडाखालची खुर्ची काढून घेतली आणि तिच्यावर कंत्राटदार बसला, ज्यानं जनरलच्या काळात पूल बांधले होते आणि जावयाच्या काळात तेच पुन्हा बांधले होते. याची शपथ फार आखूड होती. नुसता अकराचा पाढा. बदलीनं तो म्हटला. सुताराला पोट असतं, आणि बायको बोलत नसली तरी जेवतेच.

पण त्या तालमीला उभं राहून आल्यावर त्याला झोप लागेना. मंचावर कंत्राटदाराच्या जागेवर उभा असताना समोर ती कुंडी होती, आणि तिला त्यानं विचारलं होतं तेव्हा त्याच्या मनात आलं होतं, की मास्तरांनी जे विचारलं ते नुसतं तालमीतलं होतं, की खरं होतं? तालमीतलं असेल, तर आपण वाक्य म्हटलं असतं तरी ते वाऱ्यावर गेलं असतं. मग आपल्यामुळे काहीच झालं नाही. हे कळायलाच हवं होतं. एका रविवारी सदरा घालून तो निघाला.

मास्तर एका वह्या-पेन्सिलींच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहत होते. जिन्यापाशी त्यांच्या रक्षणासाठी एक पोलीस होता. तो शब्दकोडं सोडवत होता, त्यानं मानही वर केली नाही. मास्तरांनी स्वतः दार उघडलं. त्यांनी लगेच ओळखलं. या, पाढेवाले, म्हणाले, आणि खुर्चीवरचे पेपर उचलून जागा केली.

बदली बसला नाही. त्यानं उभ्यानंच विचारलं.

"त्या दिवशी तुम्ही मला विचारलंत मास्तर, मागणं आहे का म्हणून. ते तालमीतलं होतं, का खरं?"

मास्तरांनी चष्मा काढला. खरं होतं, ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी समोर जो येणार तो शिकवून आणलेला असणार, हे त्यांना माहीत होतं. त्यामुळे विचारायचं असेल तर आजच, या सुताराला विचारू, याला कुणी शिकवलेलं नसेल, असं त्यांनी मंचावर चढतानाच ठरवलं होतं. "आणि तुम्ही पाढा म्हणालात. मला वाटलं, या माणसाला काही कमी नाही. बरं वाटलं मला."

मग बदलीनं सांगितलं. बसखाली उताणा झोपलेला पोरगा, आग, खोकला, मागचं फाटक. मास्तर ऐकत होते.

"मागितलं असतं तर?" बदलीनं विचारलं.

मास्तर खोटं बोलू शकले असते. पण त्यांनी आयुष्यभर पोरांना एकच गोष्ट शिकवली होती, आणि ती मोडायची ही वेळ आहे हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

"एकच मुलगा ना? दुसऱ्याच दिवशी सोडला असता."

अर्ज का केला नाहीत, असं त्यांनी विचारलं. केला होता, बदली म्हणाला. माझ्यापर्यंत आला नाही, मास्तर म्हणाले. तो कुठे अडला, हे आता दोघांनाही सांगायची गरज नव्हती. मास्तर दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, तुमच्या बायकोला मी येऊन काही सांगू का? नको, बदली म्हणाला.

घरी येताना त्यानं ठरवलं होतं, की जसं आहे तसं सांगायचं. पाढा सांगितला होता तसंच. ती बोलत तर नाहीच, आणखी काय करणार? पण तो कुठे गेलाय हे शिंपिणीनं आधीच तिच्या कानावर घातलं होतं. ती दारात उभी होती. भिंतीला नाही, त्याला तिनं विचारलं.

"काय म्हणाले?"

किती दिवसांनी त्यानं तिचा आवाज सरळ अंगावर येताना ऐकला. कडीवर तिचा हात होता. ती केवढी वाळली आहे, हेही त्याला तेव्हाच दिसलं.

"म्हणाले, काही उपयोग नव्हता," तो म्हणाला. "नावं आधीच ठरलेली होती. त्यांच्या हातात काही नव्हतं."

"म्हणजे तुम्ही मागितलं असतं, तरी?"

"तरी."

ती उंबऱ्यावरच बसली. पोरगा गेला तेव्हा ती रडली नव्हती. तेव्हा तिला रागच पुरा पडत होता. आता ती तोंडात पदर कोंबून रडली, आणि रडून झाल्यावर उठली, त्याच्यासाठी पाणी घेऊन आली, आणि म्हणाली, हात-पाय धुवा, दमला असाल.

तेव्हापासून घर पुन्हा सुरू झालं. ती त्याच्या गुडघ्यांना तेल चोळायची. सदऱ्याची तुटलेली बटणं, जी तिनं इतकी वर्षं तशीच लोंबू दिली होती, ती एकेक करून लावली. माझं चुकलं हो, असं एकदा अंधारात म्हणाली, तुम्हाला उगाच छळलं. त्यानं हुंकार दिला. तिचा प्रत्येक चांगला शब्द त्याला चोरीच्या मालासारखा हातात घ्यावा लागायचा. खरं सांगून टाकावं असं त्याला रोज सकाळी वाटे, आणि ती चहाचा कप सरळ त्याच्या हातात देई, भिंतीशेजारी ठेवत नसे, मग ते उद्यावर जाई.

पण राग म्हणजे पाणी. एक वाट बुजवली की दुसरी शोधतं. नवऱ्यावरचा तिचा राग उठला तो जाऊन मास्तरांवर बसला. शिंपिणीला तिनं सांगितलं, शिंपिणीनं नळावर सांगितलं, नळावरून ते गल्लीभर झालं, की मास्तरांच्या हातात काही नव्हतं म्हणे, नुसता सह्या करायला बसवलेला बाहुला, एका पोराला सोडायची ताकद नव्हती, हे त्यानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलंय. खात्यातही ते पोचलं. साहेबांनी बदलीची पाठ थोपटली. कंत्राटदाराच्या सभेत कुणीतरी भाषणात ते वापरलं आणि लोक हसले. पुढे शाळेच्या नव्या पुस्तकात राष्ट्राध्यक्षांचा धडा आला. म्हाताऱ्याला एक पान, जनरलला दोन, आणि मास्तरांना एक ओळ: भले, परंतु दुबळे.

मास्तर वारले ते एका उन्हाळ्यात. त्यांची अंत्ययात्रा याच गल्लीच्या तोंडावरून गेली. सरकारी गाडी एकच होती आणि मागे त्यांचे जुने विद्यार्थी, तेही आता टकलावलेले. गल्लीतली माणसं गॅलऱ्यांत येऊन उभी राहिली. गाडी दिसली तशा सगळ्यांच्या माना खाली गेल्या, शिंपिणीचीसुद्धा.

बदलीच्या बायकोनं मान वाकवली नाही.

"माना खाली कसल्या घालता?" ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "याच्या हातात काय होतं? माझा पोरगा आत मेला आणि हा वर बसून सह्या करत होता. आमच्या ह्यांना यानं स्वतः सांगितलंय. विचारा ना."

शेजाऱ्यांनी वळून पाहिलं. गाडी अगदी समोर आली होती, इतकी जवळ, की काचेतून पेटीवरची फुलं दिसत होती. शिंपिणीनं हलक्या आवाजात विचारलं, खरंच असं म्हणाले होते का हो?

त्यानं कठड्याचं लाकूड घट्ट धरलं.

"हो," तो म्हणाला. "असंच म्हणाले होते."

बायकोनं मान हलवली. गाडी कोपऱ्यावर वळली. मग तिनं आतून स्टूल आणलं, पदरानं पुसलं आणि त्याच्यामागे ठेवलं.

"बसा," ती म्हणाली. "तुमचे गुडघे दुखतील."

तो बसला.